बाटली लावा ना सिस्टर!

पावसाळा लागला, जुलाबाचे पेशंट वाढले की हे वाक्य दिवसातून दहादा तरी ऐकते. बाटली म्हणजे सलाईनची. अकरा वर्षं झाली सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स आहे, राहायला पंचवटीत आणि ड्युटी नाशिकपासून तासाभरावर, जिथे विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पडली की नाही यावर आमचा आठवडा कसा जाणार ते ठरतं. आज जाम वैताग आलाय म्हणून लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

परवा एक आजी दीड वर्षाच्या नातवाला घेऊन आल्या. रात्रीपासून सात-आठ जुलाब, दोन उलट्या. डोळे आत गेलेले, किरकिर चालू, पण वाटी दिसली की झडप घालून पाणी पीत होतं. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर जरा सावकाश खाली बसली. म्हणजे अंगातलं पाणी कमी झालंय, पण पोरगं शुद्धीत आहे, पितंय, मग सुई कशाला टोचायची? वजन ८ किलो. किलोला ७५ मिली म्हणजे ६०० मिली ओआरएस, पुडीतलं मीठ-साखरेचं पाणी, चार तासांत. डॉक्टर एवढं सांगून ओपीडीत गेले, पुढचे चार तास माझे आणि आजींचे. दोन मिनिटाला एक चमचा, परत दोन मिनिटाला एक चमचा. मध्येच भडाभडा ओकलं. आजी लगेच, "बघा, पोटात काय ठरंना, बाटलीच लावा आता." म्हटलं आजी, दहा मिनिटं थांबू, मग अजून हळू देऊ. साडेअकराला बसलो होतो, साडेतीनला साहेब मांडीवरून उतरून माझी चप्पल ओढत होते आणि लघवी पण झाली, थेट माझ्या रजिस्टरवर. इतका आनंद झाला ना मला त्या लघवीचा!

आणि जाताना आजी बाहेर कुणाला तरी सांगतायत, "काय केलं नाय गं यांनी, नुसतं पाणी पाजलं."

नुसतं पाणी! १९७१ला बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-साखरेचं पाणी पाजायला लावलं. शंभरातली तीसेक माणसं दगावत होती ती चारच्या खाली आली. पाजणारे बरेचसे पेशंटचे घरचेच. गंमत अशी की जुलाबात नुसतं मीठ आतडं नीट आत घेत नाही, ग्लुकोजचा हात धरला की घेतं आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं, एवढीच त्या पुडीची करामत. महालनबीस यांना पद्मविभूषण मिळालं २०२३ला, मरणोत्तर.

आता तुमच्या लाडक्या बाटलीत काय असतं? अर्धा लिटर नॉर्मल सलाईन म्हणजे साडेचार ग्रॅम मीठ. ग्लुकोजची पाच टक्केवाली म्हणजे २५ ग्रॅम ग्लुकोज, जेमतेम एका पोळीची ताकद. पण ती वरून टांगलेली दिसते, थेंब पडताना दिसतो, पैसे मोजलेले असतात, म्हणून 'ट्रीटमेंट झाली'. दोष लोकांना का देऊ, ही सवय आम्ही आरोग्यवाल्यांनीच लावलीय. बाटली लागते तिथे लागतेच हां, पोर सुस्त पडलंय, पिताच येत नाही, कातडी वरच राहतेय, तिथे एक मिनिट घालवायचं नाही. शौचात रक्त दिसलं तरी घरी बसू नका.

माझी पण चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत एका बाईला पुडी दिली, "एक लिटर पाण्यात" म्हटलं आणि पुढच्या पेशंटकडे वळले. दुसऱ्या दिवशी लेकरू आणखी तहानलेलं, चिडचिडं, हाताला पिठासारखं लागणारं अंग. विचारलं तर म्हणे, "पेल्याभर पाण्यात टाकली ताई, पातळ केल्यावर गुण कसा येणार?" मीठच मीठ गेलं त्याच्या पोटात. नाशिकला पाठवावं लागलं, वाचलं बिचारं. तिचं काय चुकलं? तिच्या घरात लिटर मोजायला काहीच नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. तेव्हापासून पुडी माझ्यासमोर कालवल्याशिवाय कुणाला सोडत नाही. ओआरएससोबत देतो त्या झिंकच्या गोळ्यांचं पण तसंच, १४ दिवस द्यायच्या असतात, जुलाब थांबले की तिसऱ्या दिवशी गोळ्या फळीवर.

शहरातले शहाणे वेगळेच. आमच्या सोसायटीतल्या एका ताईंनी चार वर्षांच्या पोराला मोठ्यांची जुलाब बंद करायची गोळी दिली, वर "अँटिबायोटिक कुठलं देऊ गं?" अहो ताई, लहान मुलांचे जुलाब बहुतेक वेळा व्हायरसचे असतात! आणि ते ओआरएस लिहिलेले गोड ज्यूसचे डबे, ऑक्टोबर २०२५मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे खाण्यापिण्याच्या वस्तूंवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, नावात तो शब्द वापरायलाच बंदी घातली, तरी यांचा फ्रीज भरलेला.

माझं म्हणणं एवढंच आहे की ते चार तास कामात धरा. एका नर्सकडे ओपीडी, इंजेक्शन, डिलिव्हरी आणि रजिस्टरांची चळत असेल तर ती चमचा घेऊन कधी बसणार? लावली बाटली की मोकळी, मी पण लावल्यात, खोटं कशाला बोलू. बाटली लावली की नोंद होते, चमच्याला रकाना नाही. आमचा ओआरटी कॉर्नर, म्हणजे ओआरएस पाजायचा कोपरा, म्हणाल तर एक टेबल, एक फिकट पोस्टर आणि एकच चमचा, तोही चहाच्या डब्यातून परत आणावा लागतो.

काल सुट्टी होती तर भांडी बाजारात जाऊन सहा चमचे, सहा वाट्या आणि लिटरची दोन मापं घेतली, माझ्याच पैशाने. दुकानदार म्हणाला, "काय मॅडम, खानावळ काढताय का?"