युनिकोड शिकू नका, वेळ जाईल

परवा एका मंडळाच्या अहवालाची फाईल आली. उघडली, तर 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा. पाठवणाऱ्याचं म्हणणं, 'आमच्यात बरोबर दिसतंय की हो!' हा आत्मविश्वास टिकावा म्हणून काही सूचना.

कॉम्प्युटर शिकायला वेळ काढू नका. बेळगावच्या खडेबाजारात डीटीपीवाला आहे ना? त्याच्या खुर्चीमागे तासभर उभं राहून वेलांट्या सांगा.

ओटीपीही त्यालाच सांगा, जरा मोठ्याने. मागच्या रांगेला ऐकू जायला हवा.

वर्गणीचा हिशेब एक्सेलमध्ये करताना प्रत्येक चौकोनात '५०० रु.' असं लिहा. 'रु.' दिसला की एक्सेल त्या रकमेला मजकूर समजतं आणि बेरजेत धरत नाही. शून्य आलं की कॅल्क्युलेटर काढा. चौकोनात नुसता आकडा लिहून रुपयाचं चिन्ह फॉरमॅटमधून द्यायची उठाठेव सांगितलीय कुणी?

आणि जुना डीटीपीचा फॉन्ट मरेपर्यंत सोडू नका. फाईलमध्ये साठतात ती इंग्रजी अक्षरांचीच कोडं, वर मराठी आकारांचं सोंग. समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की सोंग उतरतं. पीडीएफ केली तर दिसायला छान, पण आत एक मराठी शब्द शोधून दाखवा! युनिकोडात बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढली तर रफार आणि ऱ्हस्व वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात. मग तीस पानं डोळ्यांत तेल घालून तपासायची कुणी?

युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला त्याचा स्वतःचा कोड, म्हणून मराठी कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठीच दिसते. त्यात देवनागरी १९९१ पासून आहे. विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज, तिथे मराठी जोडा. विंडोज की आणि स्पेस एकत्र दाबलं की कळफलक बदलतो. दमडी लागत नाही. इनस्क्रिप्ट या कळफलकात स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या, आणि अक्षराचा पाय मोडायला डी. 'क्ष' हवा तर के, डी, मग शिफ्ट धरून स्वल्पविराम. झालं! एवढ्यालाच वेळ नाही म्हणता?

१ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, सीमाप्रश्नासाठी काळी फीत लावून फेरीत चालता. पाटीवर मराठी नाही म्हणून भांडता. आणि स्वतःच्या मंडळाचा अहवाल दुसऱ्या कॉम्प्युटरवर मराठीत दिसत नाही, तर 'तुमच्यातच काहीतरी बिघडलंय'! येत नाही म्हणायला जीभ रेटत नाही, मग शिकणार कधी? शिकवणीला पोरं घरातच आहेत, विचारायला लाज वाटते एवढंच.

फाईल परत पाठवलीय. रविवारपर्यंत युनिकोडात करून आणा. स्वतः.