सही कोण करणार?

फेब्रुवारी २०२५ पासून आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच वाद पुन्हा पुन्हा उकरला जातोय. भारतात मतदान वाढावं म्हणून अमेरिकेनं २ कोटी १० लाख डॉलर ठेवले होते, असा दावा तेव्हा वॉशिंग्टनहून झाला. ती रक्कम बांगलादेशासाठी होती, अशी बातमी आठवडाभरात आपल्याकडच्याच एका वृत्तपत्रात आली. तरी माझा पुण्याचा पुतण्या अजून लिहितो, "काका, लोकशाहीसाठी आपल्याला बाहेरचा पैसा लागत नाही. आफ्रिकेत ठीक आहे ते."

हे "आफ्रिकेत ठीक आहे" मला लागतं. पंधरा वर्षं मी नैरोबीत पंपांच्या धंद्यात आहे.

२००७च्या निवडणुकीनंतर केनियात हजारावर माणसं मारली गेली. त्या जखमेतून २०१०ची राज्यघटना आली, आपल्या जिल्ह्यांसारख्या ४७ काउंटी झाल्या आणि राष्ट्रीय महसुलाचा किमान १५ टक्के वाटा त्यांचा, हे घटनेतच लिहिलं गेलं. शहरांच्या कारभारासाठी झालेल्या आपल्या ७४व्या घटनादुरुस्तीत महापालिकांसाठी असा टक्का दाखव, असं मी पुतण्याला विचारलं. त्यानं विषय बदलला. जागतिक बँकेनं २०१६ साली या काउंटींसाठी २० कोटी डॉलरचा कार्यक्रम मंजूर केला. त्यात दरवर्षी तपासणी व्हायची: हिशेब कसे ठेवलेत, लोकांना विचारून कामं ठरवलीत का. त्यात उतरलात तर पैसा.

मकुएनी काउंटी आमच्या माण तालुक्यासारखीच, पावसाकडे डोळे लावून बसलेली. तिथं प्रत्येक कामावर गावकऱ्यांची समिती असते आणि तिच्या सहीशिवाय ठेकेदाराचं बिल निघत नाही. वोटे या तिथल्या गावाच्या पुढे एका बोअरवर आम्ही पंप बसवला होता. काम झालं, कागद पुढे केला, तर समितीतली एक म्हातारी सही करेना. खालच्या कियोस्कच्या, म्हणजे पाणी विकायच्या टपरीच्या, नळाला पाणी पोचत नव्हतं. मी तिला चढउतार समजावत राहिलो. ती म्हणाली, आधी पाणी दाखव. पाइप बदलायला दोन दिवस गेले, पदरचे शिलिंग गेले. मी मनातून चरफडत होतो, पण चूक माझीच होती.

परदेशी मदतीचं सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. नैवाशाच्या हॉटेलांत भरणारी शिबिरं मी पाहिली आहेत. माणसं तिथं भत्त्यासाठी येतात आणि तक्ते भिंतीवरच राहतात. २०२५ मध्ये अमेरिकेनं परदेशी मदतीचं सरकारी खातंच बंद केलं तेव्हा आमच्या पार्कलँड्सच्या इमारतीतल्या दोन घरांतला पगार थांबला. पण "परकीय हात" ही ओरड मला इथंही ऐकू येते. जून २०२४ मध्ये करवाढीविरुद्ध पोरं रस्त्यावर आली, तर पुढच्याच महिन्यात राष्ट्राध्यक्षांनी फोर्ड फाउंडेशन या अमेरिकन देणगीदार संस्थेकडे बोट दाखवलं. संस्थेनं इन्कार केला. त्याच संस्थेला भारत सरकारनं २०१५ मध्ये नजरेखाली ठेवलं होतं. त्या पोरांचा प्रश्न करांचा होता, आणि तो त्यांचा स्वतःचा होता.

आणि बाहेरचा पैसा लागत नाही म्हणणाऱ्या पुतण्याच्या पुण्यात मार्च २०२२ पासून नगरसेवकच नव्हते. मुंबईतही नव्हते. आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद कोर्टात, महापालिका प्रशासकाच्या हाती, आणि मतदान थेट जानेवारी २०२६ मध्ये. जवळजवळ चार वर्षं त्याला तक्रार करायला वॉर्डात निवडून दिलेला माणूस नव्हता, तेव्हा ग्रुपवर यावर एक ओळ पडली नाही.

माझे वडील, आण्णा, असते तर त्यांनी त्याला समोर बसवलं असतं. २००३ नंतर गावोगाव जलस्वराज्य ही पाणीपुरवठ्याची योजना आली, तेही जागतिक बँकेच्या कर्जातून. आमचे आण्णा गावच्या पाणी समितीत होते. गावाची १० टक्के लोकवर्गणी, बायकांची वेगळी ग्रामसभा, देवळाच्या पायरीवर हिशेबाचं वाचन. वर्गणीची वही ते उशाशी घेऊन झोपायचे. तो पैसा परका आहे, असं गावात कुणाच्या मनात आलं नाही, कारण विहीर कुठं खणायची ते गावानं ठरवलं होतं.

पाइप बदलून झाल्यावर त्या म्हातारीनं सही केली आणि विचारलं, "तुमच्या गावात सही कोण करतं?" मी म्हटलं, माझे वडील. त्यांना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. पुढं कुणाच्या हातात वही गेली, हे मी कधी विचारलं नव्हतं. देवळाच्या रंगासाठी पैसे पाठवले, पोराच्या मुंजीला गेलो, पण एकाही ग्रामसभेला बसलो नाही. इथं मला मत नाही, आणि तिथं असून ते मी वापरलेलं नाही.

परवा मी पुतण्याला वाद सोडून एवढंच लिहिलं, "आपल्या टाकीला पाणी येतं का रे?"

बराच वेळ काही आलं नाही. मग आलं, "माहीत नाही काका. आई पुण्यात आल्यापासून माझंही जाणं नाही. कुणाला तरी विचारून सांगतो."