किल्टची अग्निपरीक्षा

परवा एका लग्नात एका म्हाताऱ्याने माझा किल्ट, म्हणजे स्कॉटलंडातले पुरुष घालतात तो निऱ्यांचा घागरा, पेटवला. अख्खा नाही, एक धागाच. पण चारचौघांत, लायटरने, आणि माझी परवानगी गृहीत धरून. ज्यांना हे किरकोळ वाटतंय त्यांनी एकदा अंगावरच्या कपड्याचा धागा परक्या माणसाला उपटू द्यावा आणि मग माझ्याशी बोलावं.

लग्न एडिंबराच्या ऑफिसातल्या सहकाऱ्याचं, स्कॉटलंडातल्या पर्थच्या पुढच्या एका हॉटेलात. पत्रिकेत लिहिलेलं, किल्ट घातलात तर आनंद होईल. भाड्याने पोशाख आणायचा तर भरपूर पैसे मोजा आणि सोमवारी परत करा; आमच्या कल्याणच्या हिशेबात हे बसेना. त्यापेक्षा रॉयल माइल बरा. किल्ल्यापासून होलीरूड राजवाड्यापर्यंत उतरणाऱ्या त्या रस्त्यावर पावलोपावली किल्ट टांगलेले. बत्तीस पौंडांत रॉयल स्ट्युअर्टच्या लाल चौकड्याचा किल्ट मिळाला, तोही स्वतःचा, कायमचा. दुकानदार म्हणाला, हाताला अगदी लोकर लागते. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला. खऱ्या किल्टला आठ वार कापड लागतं हे ऐकून ती खूश झाली. "म्हणजे आठवारीच की! फॉल लावून घेतलास ना?"

हॉलमध्ये पाऊल टाकून पाच मिनिटंही झाली नसतील, कमरेखाली कुणीतरी चिमटा घेतला. वळलो तर म्हातारा. लाल तोंड, पांढऱ्या मिशा, गुडघे माझ्यापेक्षा धडधाकट. नमस्कार-चमत्कार नाही. माझा किल्ट अंगठा आणि तर्जनीत धरून तो चोळत होता.

"अ‍ॅक्रिलिक," तो म्हणाला.

मी म्हटलं, "हॅलो."

"सेल्कर्कच्या कापडगिरणीत जन्म गेला माझा," तो म्हणाला, आणि वाकला.

किल्टच्या आत काय घालतात या प्रश्नाने अख्खं जग हैराण आहे. या गृहस्थाला तो पडलाच नाही. त्याने माझ्या किल्टची खालची कड दोन बोटांनी उलटली, चष्मा कपाळावर सरकवला आणि शिवण तपासू लागला. मी हातात ग्लास धरून उभा. समोरून नवरीची आजी आली. "प्रवास ठीक झाला ना?" मी म्हटलं, "हो, छान झाला." ती खाली न बघता पुढे गेली. संस्कार म्हणतात ते हेच असावेत.

"दुमडून शिवलाय," खालून आवाज आला. "खऱ्या किल्टला खाली शिवण नसते पोरा. विणताना जो काठ पडतो तोच खाली येतो." मग तो मागच्या बाजूला गेला. "निऱ्या बघ. चौकडा कुठे जुळतोय? प्रत्येक निरी अशी घालायची की मागेही अख्खी नक्षी उमटली पाहिजे. आणि हे आठ वार? पाच तरी आहेत का?"

मला माझी पाठ दिसत नाही, हे मी त्याला सांगितलं.

"चल बाहेर," तो म्हणाला.

बाहेर पाऊस. पत्र्याच्या छपराखाली सिगारेटवाले उभे होते. किल्टच्या पुढच्या पल्ल्याला उजव्या कडेला बोटभर झालर असते, कापडाचेच धागे सोडून केलेली. म्हाताऱ्याने आधी स्वतःच्या झालरीतला धागा उपटला, एवढा प्रामाणिकपणा त्याच्यात होता. वाराला सोळा औंसांची लोकर, हे त्याने जमलेल्यांना सांगितलं. लायटर लावला. धागा कुरकुरत जळला, ज्योत बाजूला घेताच आपोआप विझला आणि केस जळल्याचा वास सुटला. उरलेली राख त्याने चिमटीत चुरडली, तिची पूड झाली.

मग माझा. भस्सकन पेटला, काळा धूर सोडला, वितळून आखडला, आणि टोकाशी मोहरीएवढी काळी, टणक गोळी राहिली. ती त्याने माझ्या तळहातावर ठेवली. "प्लास्टिक," तो म्हणाला. "नाचताना मेणबत्तीपासून लांब राहा."

टाळ्या पडल्या. खरोखर पडल्या.

एव्हाना गर्दी वाढली होती आणि लोकांना चटक लागली होती. नवरदेवाचा बेस्ट मॅन मोठ्या तोऱ्यात पुढे आला. त्याचा धागा अर्धा लोकरीसारखा जळला, अर्धा वितळला. राख चुरडायला गेलं तर पूडही झाली आणि कणही टोचले. "लोकर आणि पॉलिएस्टरचं मिश्रण," म्हातारा म्हणाला. "भाड्याचा ना?" बेस्ट मॅनचा चेहरा त्याच्या मोज्यांच्या रंगाचा झाला. आणखी एकजण मघापासून आजोबांचा किल्ट आहे म्हणून सांगत होता. तो झालरीवर हात ठेवून बारकडे निघून गेला.

"स्वस्तातलाच घ्यायचा होता तर पॉली-व्हिस्कोस घ्यायचा," म्हातारा पुन्हा माझ्याकडे वळला. बहुतेक वेळा त्यात पासष्ट टक्के पॉलिएस्टर, पस्तीस टक्के व्हिस्कोस. पॉलिएस्टरला गरम दाबाने घडी घातली की निरी धुण्यातही मोडत नाही. व्हिस्कोस त्याला मऊपणा देतं, थोडा घाम टिपतं. मशीनमध्ये टाकता येतो, कसर लागत नाही, बँडवाले पोरंही घालतात. अ‍ॅक्रिलिकला मात्र बसून बसून गोळे येतात, निऱ्या ढेपाळतात, वीज धरते. (हे खरं होतं. नवरीच्या वडिलांशी हस्तांदोलन करताना आम्हा दोघांनाही झटका बसला होता.)

"व्हिस्कोस लाकडाच्या लगद्यापासून होतं," तो समजावू लागला.

म्हटलं, "माहीत आहे. आमच्या कल्याणशेजारी शहाडला रेयॉनचा, म्हणजे याच व्हिस्कोसचा, मोठा कारखाना आहे."

त्याचे डोळे चमकले. "म्हणजे तू धंद्यातला?"

"नाही, सॉफ्टवेअरमधला."

तो दुसऱ्याच्या झालरीकडे वळला.

आता शांतपणे बोलतो. लोकर श्रेष्ठ आहे, मान्य. स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास ओल ती पोटात घेते आणि तरी ओली लागत नाही. पॉलिएस्टर अर्धा टक्काही घेत नाही, त्यामुळे घाम आपला आपल्याजवळच. पण हाताने शिवलेला आठ वारी लोकरी किल्ट पाचशे पौंडांच्या आसपास जातो, आणि चांगला हवा तर पुढेच. एवढे पैसे ज्याच्याकडे नाहीत त्याने काय करायचं? त्याच्यासाठीच तर हा बत्तीस पौंडांचा माल भर रस्त्यावर बॅगपाइप वाजवून विकतात. यांनीच विकायचा आणि यांनीच लग्नात जाळायचा!

आणि ज्या पॉलिएस्टरला नाकं मुरडतात तेही यांच्याच बेटावरचं. १९४१ साली मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनमधल्या व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोघांनी ते काढलं, त्याचं टेरिलीन झालं. आमच्याकडे ते सुतात मिसळून टेरिकॉट आणि लोकरीत मिसळून टेरिवूल होऊन आलं तेव्हा कुणी लायटर काढला नाही. उलट इस्त्रीची कटकट गेली म्हणून बाबांच्या पिढीने टेरिकॉट डोक्यावर घेतलं. बाबांचे शर्ट फाटतच नसत, त्यामुळे टाकताही येत नसत. कॉलर उलटी करून पुन्हा घालत. लग्नात पँटपीस मिळाला तर आधी कड वाचायची, टेरिवूल असेल तर देणाऱ्याची पत वाढायची. माझ्या लग्नातला सूट टेरिवूलचा आहे, अजून धड आहे. कमरेत होत नाही, हा कापडाचा दोष नाही.

परंपरेचं म्हणाल, तर १७४६ च्या कायद्याने किल्टवर बंदीच आणली होती, ती १७८२ ला उठली. १८२२ मध्ये चौथा जॉर्ज राजा एडिंबराला आला तेव्हा दरबारात मिरवला तो किल्ट घालून, खाली गुलाबी तुमान चढवून. त्याच्या स्वागतासाठी मोठमोठ्या घराण्यांची आपापले चौकडे शोधताना धावपळ उडाली. त्या राजाची कड कुणी उलटून बघितली होती का? मी सॉफ्टवेअरमधला, म्हणून माझी बघायची.

मंगळवारी किल्ट घेऊन दुकानात गेलो. म्हटलं, लोकर म्हणून दिलात. काउंटरवरच्या मुलीने कमरेचा चामडी पट्टा उचलून आतलं नखाएवढं लेबल दाखवलं: शंभर टक्के अ‍ॅक्रिलिक, पाच भाषांत. मग झालरीवरून बोट फिरवलं आणि थबकली. "सर, इथे धागा कमी आहे. वापरलेला माल परत घेता येत नाही."

म्हटलं, तो धागा तुमच्याच देशबांधवाने जाळला.

"सॉरी सर," ती म्हणाली, आणि एकशे वीस पौंडांचा पॉली-व्हिस्कोसचा दाखवू लागली. मी अंगठा आणि तर्जनीत धरून बघितला. वाईट नव्हता. नुसता बघितला, घेतला नाही. ऑगस्टमध्ये ग्लासगोला आणखी एक लग्न आहे. तिथे सूट घालणार आहे. कंबर वाढवून घ्यायला टाकलाय. टेरिवूलचा.