कापूस, कालवा आणि अमेरिका : अकोल्याच्या कट्ट्यावरचा एक वाद

वकीलसाहेब एका दमात विषय संपवायला निघाले होते. "अमेरिकेने केलं काय? यंत्रं आणली, कालवे खणले, जकात लावली. पन्नास-साठ वर्षांत शेतकऱ्यांचा देश कारखान्यांचा झाला. धोरण नीट असलं की सगळं होतं."

मास्तरांना हे सोसवेना. त्यांनी उभी हयात इतिहास शिकवला आहे. "यंत्रं आणली नाहीत हो. आणता येतच नव्हती. सूतगिरणीची यंत्रं किंवा कसबी कारागीर देशाबाहेर जाऊ द्यायचे नाहीत, असा इंग्लंडचा कायदा होता. सॅम्युअल स्लेटर तिथल्याच बेल्परच्या गिरणीत उमेदवारी करून शिकला, सगळी रचना डोक्यात साठवली आणि १७८९ मध्ये अमेरिकेला निघून गेला. दुसऱ्या वर्षी ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेटला पाण्यावर चालणारी सूतकताई सुरू. पैसा तिथल्या मोझेस ब्राउन या व्यापाऱ्याचा. आणि कामाला कोण? सात ते बारा वर्षांची पोरं."

"म्हणजे हिंमत होती," वकीलसाहेब म्हणाले.

"हिंमत होतीच. फ्रान्सिस कॅबट लोवेलने तेच केलं. १८१० ते १२ या काळात इंग्लंडभर फिरला, यंत्रमाग बघून लक्षात ठेवला, आणि १८१४ मध्ये वॉल्थमला एकाच छपराखाली कापूस पिंजण्यापासून कापड विणण्यापर्यंत सगळं करणारी गिरणी उभी केली. पण मधल्या काळात इंग्लंडशी व्यापार तुटला होता, आधी १८०७ च्या बंदीने, मग १८१२ च्या युद्धाने. ती आयती संधी होती. युद्ध संपलं तसा इंग्लिश माल पुन्हा लोटला आणि बऱ्याच नव्या गिरण्या बुडाल्या."

"म्हणून तर जकात!" वकीलसाहेबांना हवं ते मिळालं.

इथे मॅडम बोलल्या. त्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतात आणि तपशिलाशिवाय तोंड उघडत नाहीत. "१८१६ ची जकात कशी होती ते सांगते. दर पंचवीस टक्के. पण वारभर कापड कितीही स्वस्त असो, त्याची किंमत पंचवीस सेंट धरूनच कर घ्यायचा. यात भरडलं गेलं ते सगळ्यात स्वस्त, जाडंभरडं कापड, आणि ते जायचं हिंदुस्थानातून. बोस्टन-सेलमची जहाजं कलकत्त्याहून ते भरून न्यायची. लोवेलची गिरणी नेमकं तसंच कापड विणत होती आणि ही तरतूद व्हावी म्हणून तो स्वतः वॉशिंग्टनला खटपट करत होता. त्यांच्या धोरणाचं कौतुक करा, पण त्याचा एक मार आपल्या विणकरावर बसला हेही सांगा."

वकीलसाहेब गप्प झाले नाहीत, कालव्याकडे वळले. मला विचाराल तर त्या दिवशीचा त्यांचा हा मुद्दा सगळ्यात सकस होता.

ईरी कालवा. १८१७ ला खणायला सुरुवात, १८२५ ला पूर्ण. आल्बनीपासून बफलोपर्यंत ३६३ मैल, रुंदी चाळीस फूट आणि खोली अवघी चार फूट. न्यूयॉर्क राज्याने स्वतः कर्ज उभारून सुमारे सत्तर लाख डॉलर घातले. गव्हर्नर डेविट क्लिंटनची टिंगल करायला लोक या कालव्याला 'क्लिंटनचा चर' म्हणायचे. "आणि फळ काय मिळालं?" वकीलसाहेबांनी बोट उचललं. "बफलोहून न्यूयॉर्कला टनामागे शंभर डॉलर पडायचे, ते दहाच्या आसपास आले. दहावा हिस्सा! रॉचेस्टर पिठाच्या गिरण्यांचं शहर झालं. त्याआधी ओहायोच्या शेतकऱ्याचा माल मिसिसिपीवरून खाली न्यू ऑर्लिन्सला जायचा. आता तो पूर्वेकडे, न्यूयॉर्कला जायला लागला. एका चराने देशाच्या व्यापाराचं तोंड फिरवलं."

हे कुणालाच खोडता आलं नाही. मॅडमनी मात्र त्याचं पुढचं टोक हाती घेतलं. पश्चिमेचा स्वस्त गहू कालव्याने आला तेव्हा न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या, खडकाळ जमिनीत धान्य पिकवणारा शेतकरी टिकेना. घरात पैसा हवा होता. त्याच सुमारास मेरिमॅक नदीच्या धबधब्यापाशी त्या लोवेलच्याच नावाचं गिरण्यांचं शहर वसत होतं. त्या शेतांवरच्या पोरी गिरणीत गेल्या. कंपनीच्या वसतिगृहात राहायचं, घंटेवर उठायचं, दिवसाचे बारा-तेरा तास काम करायचं. पण मजुरी रोख मिळायची, आणि ती स्वतःच्या हातात. १८३४ मध्ये कंपन्यांनी मजुरी कापायचं ठरवलं तेव्हा याच पोरी काम सोडून रस्त्यावर आल्या. हरल्या. १८३६ ला पुन्हा उतरल्या. १८४०च्या दशकात सारा बॅगलीच्या पुढाकाराने हजारो सह्यांचे अर्ज मॅसेच्युसेट्स राज्याच्या विधिमंडळात गेले, मागणी दहा तासांच्या दिवसाची. विधिमंडळाने कायदा केला नाही. या मुलींबद्दल मला फार आदर वाटतो. मताचा अधिकार नसताना त्यांनी सरकारला जाब विचारला.

भाऊ तोवर ऐकत होते. जिनिंग-प्रेसिंगमध्ये, म्हणजे कापसाची सरकी काढून रुईच्या गाठी बांधण्यात, त्यांचं आयुष्य गेलं. "तुमी लोवेल लोवेल करून राह्यले. पण त्या गिरणीत रुई कुठून ये? थे सांगा ना कोनी."

मग मात्र चर्चा त्यांच्या हातात गेली. समुद्रकाठच्या लांब धाग्याच्या कापसाची सरकी रोलरवर सुटते, पण आतल्या भागात पिकणाऱ्या आखूड धाग्याच्या कापसाची हिरवी सरकी रुईला चिकटून बसते. एका माणसाने हाताने काढायची म्हटली तर दिवसाला जेमतेम पौंडभर रुई. १७९३ मध्ये जॉर्जियातल्या एका मळ्यावर एली व्हिटनीने तारेच्या दातांचं यंत्र बनवलं आणि तेच काम पन्नास पौंडांवर गेलं. "आपल्याकडं डबल रोलर हाय, त्याईचं सॉ जिन. तंत्र येगळं," भाऊ म्हणाले, "पन मुद्दा असा का सरकी काढाले यंत्र भेटलं, वेचाले नाही भेटलं. वेचनी हातानंच. आपल्याकडं आजबी हातानंच हाय. मंग जिन जेवढं जास्त खाईल, तेवढे हात जास्त लागतीन का नाही?"

हे हात गुलामांचे होते. १७९० मध्ये अमेरिकेत सुमारे सात लाख माणसं गुलामीत होती. १८६० मध्ये जवळजवळ चाळीस लाख. आफ्रिकेतून माणसं आणायला १८०८ पासून बंदी होती, तरीही. व्हर्जिनिया-मेरीलँडकडून अलाबामा, मिसिसिपी, लुइझियानाकडे सुमारे दहा लाख माणसं हलवली गेली, कित्येकांचा सौदा होऊन, आईपासून लेकरू तोडून. श्रम वाचवणाऱ्या यंत्राने गुलामगिरी मोडली नाही, तिला नवी जमीन आणि नवा भाव दिला. कापूस हा देशाच्या निर्यातीचा निम्म्याहून मोठा हिस्सा झाला. उत्तरेच्या बँका त्यावर कर्ज देत होत्या, न्यूयॉर्कचे दलाल आणि जहाजवाले त्यावर जगत होते. आणि ऱ्होड आयलंडच्या गिरण्यांत जाडंभरडं कापड विणून ते गुलामांच्या अंगावर घालायला दक्षिणेत विकलं जायचं.

वकीलसाहेबांचं म्हणणं, हा दक्षिणेचा दोष, उद्योग उत्तरेत झाला. मला हे अजिबात पटत नाही, आणि मी ते तिथेच सांगितलं. देशाचे तीन भाग तीन कामांत वाटले गेले. पूर्व कापड विणते, पश्चिम धान्य पिकवते, दक्षिण कापूस पिकवते, आणि प्रत्येकाचा नफा दुसऱ्यावर उभा. गिरणीचा हिशेब मळ्याशिवाय लागत नाही. मॅसेच्युसेट्सच्या चार्ल्स समनरने १८४८ मध्येच चाबकाचे धनी आणि मागाचे धनी, म्हणजे मळेवाले आणि गिरणीवाले, यांच्या युतीवर बोट ठेवलं होतं. तिथल्या माणसाला तेव्हा दिसत होतं, ते आपण आज का झाकायचं?

जकातीवरून पुढे दक्षिण-उत्तर भांडली, १८३२ मध्ये साउथ कॅरोलिनाने जकातीचा कायदा आपल्या हद्दीत रद्दच ठरवला. त्यावर वकीलसाहेबांनी बराच वेळ कायद्याचा कीस काढला, तो इथे देत नाही.

मास्तर गाडी वऱ्हाडात घेऊन आले. १८६१ ला अमेरिकेत उत्तर-दक्षिण यादवी पेटली, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखली, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस आटला. इंग्लंडची नजर आपल्याकडे वळली. भाव भडकले, मुंबईत पैशाचा पूर आला, बॅकबेच्या समुद्रात भराव घालणाऱ्या कंपनीचे शेअर्स आकाशाला भिडले. १८६५ ला युद्ध संपलं आणि सगळं कोसळलं. रेल्वे मात्र राहिली. १८७० मध्ये खामगावच्या कापूस बाजारापर्यंत खास फाटा आला. "आपलं पीक जगाच्या भावाला बांधलं गेलं ते तेव्हापासून," मास्तर म्हणाले. भाऊंनी नुसती मान हलवली.

वकीलसाहेबांनी शेवटचा डाव ठेवला होता. "बरं, एक सांगा. युद्ध जिंकलं कोणी? ज्यांच्याकडे कारखाने होते त्यांनीच. १८६० मध्ये देशात तीस हजार मैल रेल्वे, तिचा मोठा भाग उत्तरेत. कारखान्यांचा नव्वद टक्के माल उत्तरेचा. तोफा तिथल्या, बूट तिथले. मग गुलामगिरी उद्योगानेच संपवली ना?"

"तोफा आपोआप चालत नाहीत," मॅडम म्हणाल्या. "उत्तरेच्या सैन्यात आणि आरमारात मिळून दोन लाखांच्या जवळपास काळे सैनिक होते, त्यातले कितीतरी मळ्यांवरून पळून आलेले. त्यांना कुठल्या रकान्यात घालता?"

"त्यांना हातात बंदूक कुणी दिली?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"द्यायला दोन वर्षं लावली," मॅडम म्हणाल्या, "आणि पगार गोऱ्यांपेक्षा कमी दिला. पळून ते त्याच्या आधीपासून येत होते."