डेव्हलपरचा पगार नेमका कशाचा?

अमेरिकेत सॉफ्टवेअर डेव्हलपरला एवढा पगार का, असं विचारलं की दोन उत्तरं ठरलेली असतात. तिकडचे लोक हुशार आणि तिकडे महागाई फार. महागाई तर तिथल्या शिक्षकांनाही आहे, त्यांना कोण एवढं देतं? आणि तोच माणूस तेच काम देश बदलून करू लागला की पगार कितीतरी पट होतो. विमानात बसून अक्कल वाढत नाही.

मे २०२४ च्या सरकारी आकडेवारीनुसार तिथल्या डेव्हलपरचा मध्यक पगार (निम्म्यांना याहून जास्त, निम्म्यांना कमी) वर्षाला सुमारे १ लाख ३३ हजार डॉलर होता. कंपन्यांना हे परवडतं, कारण एकदा लिहिलेला कोड आणखी एका ग्राहकाला द्यायला जवळपास काहीच खर्च येत नाही. २०१४ मध्ये फेसबुकने व्हॉट्सअ‍ॅप विकत घ्यायचं ठरवलं ते सुमारे १९ अब्ज डॉलरना. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपचे वापरकर्ते ४५ कोटी आणि कर्मचारी पन्नासच्या आसपास!

पण परवडतं म्हणून कुणी पगार वाढवत नाही. माणूस उद्या समोरच्या कंपनीत जाईल ही धास्ती असली तरच खिसा सैल होतो. कॅलिफोर्नियात ‘नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जायचं नाही’ ही अट १८७२ पासून कायद्याने चालत नाही. तिथल्या सिलिकॉन व्हॅलीच्या पगारांचं मोठं श्रेय मी या रुक्ष कलमाला देतो.

कंपन्यांनाही हे पक्कं ठाऊक होतं. एकमेकांची माणसं फोडायची नाहीत, असं त्यांनी आपसात ठरवून टाकलं होतं. २००७ मध्ये गूगलच्या रिक्रूटरने अ‍ॅपलच्या इंजिनिअरला गळ घातली, तेव्हा स्टीव्ह जॉब्जने थेट गूगलचे तेव्हाचे प्रमुख एरिक श्मिट यांना मेल टाकला. त्या रिक्रूटरची नोकरी गेली. ते कळवणारा मेल जॉब्जने आपल्या एचआरला पुढे पाठवला, सोबत एक स्मायली. (हे सगळं पुढे कोर्टाच्या कागदपत्रांत उघड झालं.) २०१० मध्ये सरकारने अ‍ॅपल, गूगल, इंटेल, अडोबीसह सहा कंपन्यांवर खटला भरला. कर्मचाऱ्यांच्या दाव्यात या चौघांना ४१.५ कोटी डॉलर मोजावे लागले.

हुशारीलाच पैसे मिळत असते, तर ही लपवाछपवी कशाला केली असती?

त्याच ऑफिसात एच-१बी व्हिसावरचा, म्हणजे कामासाठी बाहेरच्या देशातून आलेला माणूसही बसलेला असतो. त्याला कंपनी बदलायची तर नव्या मालकाने आधी अर्ज भरायला हवा. नोकरी गेलीच तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस. पगारवाढ मागायला तो बॉसच्या केबिनमध्ये शिरेल, पण ‘नाहीतर मी चाललो’ हे त्याच्या तोंडून सहजासहजी निघणार नाही.