लातूरच्या डॉक्टरसाहेबांच्या दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर : छपरावरचा तो खड्डा नाही

डॉक्टरसाहेब, नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू रविवारी रात्री वाचला. रात्री काही लिहिलं नाही. सोमवारी वर्कशॉपला आलो, तुमच्यासाठी केलेल्या काउंटाचच्या मॉडेलचा (काउंटाच म्हणजे लॅम्बोर्गिनी या इटालियन कंपनीची जुनी स्पोर्ट्स कार) लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा काढतात तो नमुना, कपाटातून काढून टेबलावर ठेवला आणि तुमचा एकेक मुद्दा त्याच्यासमोर धरून पाहिला. मग लिहायला बसलो.

तुम्ही लिहिलंय : "काउंटाच सांगितली होती, भलतीच गाडी दिली. मागचा स्पॉयलर नाही, चाकांवरच्या कमानी नाहीत, टायर सायकलसारखे बारीक, छपराला मधोमध खड्डा. डावा दरवाजा नीट बसत नाही. अठरा हजार पाण्यात."

दरवाज्याचं आधी बोलतो, कारण ते शंभर टक्के खरं आहे. या गाडीची दारं पुढच्या बाजूच्या बिजागरीवर कात्रीसारखी वर उचलली जातात. एकास आठच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक अष्टमांश मापाच्या मॉडेलमध्ये तिथं दीड-दोन मिलिमीटरची फट राहिली तरी डोळ्यात खुपते. मे महिन्यात आमच्या शेडचा पत्रा असा तापतो की रेझिनमध्ये (फायबरच्या चिकट द्रवात) नेहमीइतकाच हार्डनर, म्हणजे ते घट्ट करणारं रसायन, घातला तर ते भराभर पकडतं आणि आकसतं. हार्डनर कमी करून दार रात्रभर साच्यातच राहू द्यायला हवं होतं. आमच्याकडे ते संध्याकाळीच काढलं गेलं. गाडी पॅक करताना मी रंगाची चमक पाहिली, फट पाहिली नाही. तुम्हाला नवं दार मिळेल, खर्च माझा, आणि बसवायला मी स्वतः लातूरला येईन.

बाकीच्या चार मुद्द्यांवर मात्र मला तुमच्याशी मनापासून वाद घालायचा आहे. कारण हे वाचून दुसऱ्या कुणाला वाटायला नको की आमच्याकडे अर्धवट गाडी देतात.

छपराचं घ्या. त्या खड्ड्यावर माझे चार दिवस गेले आहेत. समोरच्या काचेच्या वरून सुरू होऊन मागे जाणारी ती उथळ खाच आहे, दोन्ही बाजूंच्या कडा सरळ. मागचं काहीच नीट दिसत नाही अशी ही गाडी, म्हणून आतल्या आरशाला मागची नजर मिळावी यासाठी इटलीतल्या कारागिरांनी छपरातच वाट काढली. त्या खाचेवरून या गाड्यांना 'पेरिस्कोपिओ' हे टोपणनाव पडलं, पाणबुडीच्या पेरिस्कोपवरून. ही खाच असलेली काउंटाच म्हणजे एलपी ४०० हे पहिलं मॉडेल, १९७४ ते १९७८ या काळात दीडशेच्या आसपास बनली. पुढच्या गाड्यांना ही खाच नाही. काउंटाच एकूण बनल्या दोन हजारांच्या आसपास, १९९० पर्यंत. म्हणजे तुमच्या टेबलावर जी आहे ती त्यातली सगळ्यात विरळा. सागाच्या पॅटर्नवर ती खाच कोरताना एकदा कड तुटली, दुसऱ्यांदा खोली जास्त झाली. तिसऱ्या वेळी पॉलिशपेपर लाकडी पट्टीला गुंडाळून, दर दहा हातांनी माप घेत उतरवली. बोट फिरवून बघा, खड्डा असता तर कडा इतक्या सरळ आल्या नसत्या.

आता टायर. एलपी ४०० ला मागचे टायर २१५ मिलिमीटर रुंद होते, पुढचे २०५. मागचा भागिले आठ केला की सत्तावीस मिलिमीटर येतात, आणि तुमच्या मॉडेलच्या मागच्या चाकावर पट्टी लावलीत तर तेवढेच भरतील. तुमच्या डोळ्यात बसलेत ते १९७८ च्या एलपी ४०० एस पासूनचे टायर : मागे ३४५ मिलिमीटर, पिरेलीचे पी ७. आमच्या मापात त्रेचाळीस. इतका रुंद टायर मूळच्या अंगात मावणारच नव्हता, तो बाहेर आला, म्हणून त्याच्यावर फायबरच्या कमानी आल्या. कमानी शोभेला नव्हत्या, टायर झाकायला होत्या. गाडीची रुंदी १८९० मिलिमीटरवरून २००० झाली. याची सुरुवात झाली फॉर्म्युला वन संघाचे मालक वॉल्टर वुल्फ यांच्यामुळे. त्यांनी स्वतःसाठी कमानी आणि स्पॉयलरवाली (स्पॉयलर म्हणजे मागचा पंख) काउंटाच करवून घेतली होती. स्पॉयलर पुढे मागणीनुसार मिळायचा. त्याने कमाल वेग ताशी सुमारे सोळा किलोमीटरने घटायचा, तरी बहुतेक गिऱ्हाइकांनी तो मागून घेतला. काहींनी जुन्या एलपी ४०० वर सुद्धा नंतर कमानी चढवल्या. त्यांची गाडी, त्यांची हौस.

तुम्ही रिव्ह्यूसोबत टाकलेला पोस्टरचा फोटो मी मोठा करून पाहिला. अंबाजोगाईच्या होस्टेलवर सहा वर्षं ते भिंतीला होतं असं तुम्ही लिहिलंय, घड्यांच्या रेघा अजून दिसतात. त्या फोटोत स्पॉयलरच्या पुढे इंजिनाच्या झाकणाचा मधला भाग उंच आलाय, पाहिलात? तिथंच गाडीची ओळख पटते. आधीच्या गाड्यांत कार्बोरेटर आडवे होते, झाकण सपाट होतं. १९८५ ला इंजिन ५.२ लिटरचं झालं, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आले आणि वेबर कंपनीचे सहा कार्बोरेटर इंजिनाच्या डोक्यावर उभे बसले. त्यांना जागा द्यायला झाकण फुगलं, आणि मागच्या काचेतून जे थोडं दिसायचं तेही गेलं. ही एलपी ५००० क्वात्रोवाल्वोले. १९८८ ची, कंपनीच्या पंचविसाव्या वर्षाची गाडी असती तर बाजूच्या हवेच्या तोंडांवर दातेरी पट्ट्या दिसल्या असत्या. ते काम तेव्हा कंपनीत असलेल्या होरासिओ पगानी यांचं. तुमच्या पोस्टरवर त्या नाहीत. तुमच्या मनातली काउंटाच १९८५ ते १९८८ मधली आहे, मी केली ती १९७४ ची. दोघींमध्ये अकरा वर्षांचं अंतर आहे.

मूळ रेषा डिझायनर मार्चेलो गांदिनी यांची, बेर्तोने या डिझाइन कंपनीत असतानाची. १९७१ साली जिनिव्हाच्या मोटार शोमध्ये पहिला नमुना मांडला तेव्हा खांद्यावर हवेचे डबे नव्हते, दारावर खोल फटी नव्हत्या, नुसत्या बारीक जाळ्या होत्या. इंजिन तापायला लागलं तेव्हा ते डबे आणि फटी आल्या. तो नमुना १९७४ ला धडक-चाचणीत मोडला. २०२१ मध्ये कंपनीने तो पुन्हा घडवला तेव्हा पंचवीस हजारांहून जास्त तास लागले. हे आकडे वाचले की माझ्या अंगावर काटा येतो. मी वाळूजला एका व्हेंडरकडे बावीस वर्षं पॅटर्न केले, पत्र्याच्या एका वळणासाठी किती दिवस जातात ते या हातांनी भोगलंय. खरी काउंटाच मी समोर कधी पाहिलेली नाही. छापलेली मापं, फोटो आणि माझी पट्टी यांच्यावरच काम केलंय. पण माप मी कुठंही सोडलेलं नाही.

गाडी न्यायला आलात तेव्हा तुम्ही मोबाइलवर शेतातली देवणी जातीच्या बैलांची जोडी दाखवली होती, आठवतं? एक पांढराशुभ्र, बालंक्या. दुसऱ्याच्या तोंडाच्या बाजूंना काळं, वानेरा. उद्या कुणी तुमच्या बालंक्याकडे बोट करून म्हणालं की याच्या अंगावर शेवऱ्यासारखे ठिपके नाहीत, ही देवणीच नव्हे, तर तुम्ही त्याला बांधावर उभं करून तासभर समजावाल. माझं आत्ता तेच चाललंय. गाडीच्या नावाचंही तसंच आहे. इटलीतल्या पिडमाँट भागातल्या बोलीत काही अचाट पाहिलं की तोंडून निघणारा तो उद्गार, आपल्याकडे 'आगागागा' निघतं तसा. आणि तो निघाला होता तो कमानी-स्पॉयलर काही नसलेली गाडी पाहून.

आता चूक कुणाची? फोनवर तुम्ही म्हणालात, "लाल काउंटाच, जुनी, सगळ्यात पहिलं मॉडेल." माझ्या वहीत हेच शब्द आहेत, तारखेसह. 'पहिलं मॉडेल' ऐकलं आणि मला इतका आनंद झाला की मी पुढे काही विचारलंच नाही. कारण लोक पोस्टरवालीच मागतात, पेरिस्कोपिओ मागणारं गिऱ्हाईक मला पहिल्यांदाच भेटलं असं वाटलं. तुमच्यासाठी 'पहिलं' म्हणजे तुम्ही पहिल्यांदा पाहिलेली, हे माझ्या ध्यानात आलं नाही. साचा भरण्याआधी एक फोटो पाठवला असता तर हे सगळं टळलं असतं. आता नियम केलाय : गिऱ्हाइकाने फोटोवर हो म्हटल्याशिवाय पॅटर्नला हात लावायचा नाही.

तुम्ही फोनवर सुचवलंत की याच गाडीला कमानी आणि स्पॉयलर चिकटवून द्या, विषय संपवा. ते मी करणार नाही, राग मानू नका. कमान लावली की आतला टायर बदलावा लागतो, टायर बदलला की चाकाची खोली बदलते, मागचं झाकण वेगळं, छपराची खाच बुजवावी लागते. शेवटी जे होईल ते ना एलपी ४०० राहील ना तुमच्या पोस्टरवरची. तुम्ही ती रोज टेबलावर बघणार आहात. मला माझ्या हातून तसं काही तुमच्या समोर ठेवायचं नाही.

दोन रस्ते आहेत. ही गाडी परत द्या, अठराच्या अठरा हजार परत घ्या, दरवाज्याचा विषयच मिटला. किंवा ही ठेवा, मी दार बदलून देतो, आणि पोस्टरवाली क्वात्रोवाल्वोले वेगळी करतो. तिला नवा पॅटर्न लागेल, साधारण सहा आठवडे. पॅटर्नची मजुरी माझी, तुमच्याकडून फक्त फायबर, रंग आणि चाकांचे पैसे घेईन. स्टार बदला असं मी म्हणणार नाही, ते तुमचे आहेत. एवढीच विनंती आहे की 'भलतीच गाडी' हे दोन शब्द तेवढे काढा.

तुम्ही काहीही ठरवलंत तरी मला त्या पोस्टरचा सरळ समोरून, दिवसाच्या उजेडात काढलेला एक फोटो पाठवा. सध्याच्या फोटोत ट्यूबलाइटची चमक नेमकी उजव्या मागच्या कमानीवर आलीय आणि तिची वरची कड कुठं संपते ते दिसत नाही. सागाचा ठोकळा आजच कापून बाजूला ठेवलाय, ५१८ बाय २५० मिलिमीटर.

— फायबर आणि पॅटर्न वर्कशॉप, चिकलठाणा एमआयडीसी, छत्रपती संभाजीनगर