‘मुलीला काय वाटलं ते कुठंय?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

लेकीच्या लग्नाच्या दिवसाच्या आठवणी लिहिल्या त्यावर तुमची कमेंट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की बाप लोक मुलीचं लग्न म्हणजे आपलाच सोहळा समजतात, कन्यादानाचं पुण्य पदरात पाडून घेतात, मग पाठवणीला रडतात आणि त्याला प्रेम म्हणतात. कमेंट खरमरीत आहे, पण निम्मी मला लागूच होत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी कन्यादान. ते आमच्याकडे झालंच नाही. लेकीनेच सांगितलं होतं, बाबा सप्तपदी हवी, लाजाहोम हवा, कन्यादान नको, आणि वर 1955 च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम 7 मोबाईलवर उघडून दाखवलं, की बघा, सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण, कन्यादानाचा यात उल्लेखसुद्धा नाही. गुरुजी म्हणाले, चालेल, तेवढाच वेळ वाचेल! पोस्टमध्ये हे नव्हतं कारण तो दिवस म्हटलं की मला हे आठवतच नाही हो. आठवतं ते हे की दोन्ही हात मेंदीने भरलेले, हातात चुडा, मुंडावळ्या सारख्या डोळ्यांवर येतायत आणि गौरीहराशी बसायच्या आधी मी तिला घाईघाईत चमच्याने पोहे भरवतोय, आणि ही म्हणतेय शेंगदाणे बाजूला काढा. आणि कानपिळी! आम्हाला मुलगा नाही, तर चुलतभावाला उभा करा असं एकीने सुचवलं, पण धाकटी ऐकते कुठली, लाह्या तिनेच घातल्या आणि जावयाचा कान असा पिळला की त्याचा चष्मा थेट होमाच्या कडेला.

आता रडणं. यात मात्र मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही. माझ्या आत्याचं लग्न सत्यशोधक पद्धतीने झालेलं, जोतिबा फुल्यांनी 1873 मध्ये सुरू केली ती पद्धत, ना पुरोहित ना दान, नवरा-नवरीने एकमेकांना शपथ द्यायची. तरी आत्या निघाली तेव्हा आजोबा गोठ्यात जाऊन रडले, हे घरात सगळ्यांना माहितीय. घरात रोज वावरणारं माणूस उद्यापासून नसणार म्हटल्यावर डोळे भरणारच, त्यात पुण्यबिण्य कुठून आलं?

आणि मुलीला काय वाटलं? तिच्या वतीने ते मी लिहिलं असतं तर तीच तुमची खरी तक्रार झाली असती ना? तरी तुमची कमेंट तिला पाठवली. तिचं उत्तर आलं, ‘काकांची मंगलाष्टकं संपेनात तेव्हा मला फक्त मसालेभात दिसत होता.’ बाकीचं तिला वाटलं तर तीच लिहील.

राहता राहिला खर्च, जो मी म्हणे लपवला. दोन्हीकडून निम्मा निम्मा, शालू आणि फोटोवाला तिच्या पगारातून. ड्रोनला मी नको म्हटलं होतं, तरी ड्रोन आलाच, आणि ऐन अक्षतांच्या वेळी डोक्यावर असा घरघरत होता की शेवटचं मंगलाष्टक कुणालाच ऐकू आलं नाही. त्यावर हवी तेवढी टीका करा, मी तुमच्याच बाजूने आहे.